पुढची तारीख : खलनायक आला आणि खटला हरवला

(वाचकांचे प्रश्न, आप्पांची उत्तरं)

गेल्या अंकात ‘बियाँड अ रीझनेबल डाऊट’ नावाच्या दोन चित्रपटांबद्दल लिहिलं होतं. एक फ्रिट्झ लँगचा, 1956 सालचा कृष्णधवल. दुसरा त्याचाच रिमेक, 2009 सालचा, पीटर हायम्सचा. नवा मला पटला नाही असं लिहिल्यावर पत्रांचा गठ्ठा आला, आणि बहुतेक पत्रं भांडणाचीच. बरं वाटलं. कोर्टात बेंच क्लार्क म्हणून नोकरी केलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत आणि पाहायचे आहेत त्यांनी पान उलटावं, कारण पुढे शेवट फुटणार आहे.

आप्पा, तुम्ही जुन्याच्या प्रेमात आहात. जुन्यात नुसती बोलाचाली. नव्यात मायकल डग्लस आहे, गाड्यांचा पाठलाग आहे, जीव मुठीत धरून बघितला. प्रेक्षकाला हेच हवं असतं ना?
– एक वाचक, जळगाव

हवं असतं, आणि डग्लस मलाही आवडतो. पण गोष्ट काय होती ते आधी बघा, भाऊ. जुन्यात टॉम गॅरेट हा लेखक आहे. त्याचा होणारा सासरा ऑस्टिन स्पेन्सर वर्तमानपत्राचा मालक, फाशीच्या शिक्षेविरुद्धचा. गुन्हा पाहणारा कुणी नसताना, नुसत्या परिस्थितिजन्य पुराव्यावर निरपराध माणसालाही मृत्युदंड होऊ शकतो हे दोघांना दाखवायचं आहे. एका नर्तकीचा खून झालाय, आरोपी सापडत नाही. हे दोघं मुद्दाम गॅरेटकडे बोट दाखवणारा पुरावा पेरत जातात आणि प्रत्येक वेळी फोटो काढून ठेवतात. बेत असा, की गॅरेट दोषी ठरला की फोटो पुढे करायचे. निकालाआधीच स्पेन्सर मोटार अपघातात मरतो, फोटो जळतात, आणि गॅरेट मृत्युदंडाच्या रांगेत.

यात वाईट कोण? कुणीच नाही. पोलीस जे सापडलं ते उचलतात, सरकारी वकील जे दिसतं ते मांडतो, ज्युरी, म्हणजे कौल द्यायला बसवलेली सामान्य माणसं, जे ऐकलं त्यावर ठरवते. प्रत्येकाने आपलं काम नीट केलंय आणि तरी एक माणूस मरणार आहे. मला घाम फुटला तो इथे.

2009 मध्ये गोष्ट अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्टला गेली, लेखकाचा टीव्ही पत्रकार झाला, आणि सरकारी वकील डीएनएचा खोटा पुरावा पेरून खटले जिंकणारा, गव्हर्नरपदावर डोळा असलेला माणूस झाला. झालं. तुम्ही-आम्ही खुर्चीत मागे रेलून बसलो. पापी सापडला, आता तो पकडला की संपलं. धुळ्याला न्यायाधीश साहेबांच्या खाली बसून मी पुष्कळ सरकारी वकील ऐकले. त्यातले सगळे संत होते असं नाही. पण निकाल चुकायला दुष्ट माणूस लागतोच असं नाही. मे महिना, बोर्डावर ढीगभर केसेस, पंखा कुरकुरतोय, सातवा साक्षीदार सहाव्याचंच बोलतोय, आणि आरोपीच्या वकिलाने एक प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढं पुरतं. याचा चित्रपट काढणं अवघड आहे, म्हणून खलनायक आणतात.

शेवटी खुनी गॅरेटच निघतो. मग परिस्थितिजन्य पुराव्याने बरोबरच माणूस पकडला की! जुन्या चित्रपटाने स्वतःच्याच मुद्द्यावर पाणी ओतलं, आणि तुम्ही त्याची तारीफ करता.
– रेल्वेतून निवृत्त एक वाचक, भुसावळ

गठ्ठ्यातलं सर्वांत चांगलं पत्र हे. उत्तर सावकाश देतो.

स्पेन्सरने लिहून ठेवलेलं पत्र सापडतं, त्यावरून गॅरेटला माफी मिळायची वेळ येते. आणि बोलता बोलता तो मेलेल्या बाईचं खरं नाव घेतो, जे त्याला माहीत असायचं कारण नाही. होणारी बायको ओळखते. ती बाई त्याची जुनी बायको होती. गव्हर्नर सही करत नाही.

आता तुमचा मुद्दा. माणूस बरोबर सापडला, पण कशावरून? ज्या पुराव्यावर ज्युरीने त्याला दोषी धरलं तो खोटाच होता, त्यानेच पेरलेला. खरा पुरावा कोर्टात आलाच नाही. निकाल बरोबर आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता चुकीचा. आमच्या धंद्यात याला बरोबर म्हणत नाहीत. उद्या त्याच रस्त्याने दुसरा कुणी आला आणि तो निरपराध असला, तर?

आपल्याकडे यावर मोठा निकाल आहे, तोही महाराष्ट्रातल्याच खटल्यातला. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1984. पुण्यात एका तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला, नवऱ्याला खालच्या कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या आहेत, वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर साखळीची प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे सिद्ध झालेली हवी, आणि सगळी साखळी जोडल्यावर आरोपीच्या निर्दोषपणाची कुठलीही वाजवी शक्यता शिल्लक राहता कामा नये. जोरदार संशय कितीही जोरदार असला तरी पुराव्याच्या जागी बसत नाही.

या पाच कसोट्या घेऊन गॅरेटचा खटला पाहा, कड्या हातात सुटून येतात. चित्रपट तुम्हाला गॅरेट सुटावा म्हणून तळमळायला लावतो आणि मग तोच खुनी होता म्हणून सांगतो. म्हणजे शंका आधी कोर्टावर, मग तुमच्या स्वतःच्या दयेवर. नव्यातही शेवटी पत्रकारच खुनी निघतो, पण तोवर आपण सरकारी वकिलाला शिव्या घालून मोकळे झालेले असतो. दुसरी शंका घ्यायला जागाच राहत नाही.

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हाच चित्रपट आपल्याकडे, समजा खान्देशात, करायचा झाला तर गोष्ट टिकेल का?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

टिकेल बेटा, पण आहे तशी नाही. पहिली अडचण म्हणजे कोर्टात वापरायला खोटा पुरावा तयार करणं हाच मुळी गुन्हा. भारतीय दंड संहितेत 193 कलमाने सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता तो विषय भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणजे फोटो जळाले नसते तरी दोघांना वेगळ्या केसमध्ये उभं राहावं लागलं असतं. तुझ्या पटकथेत हे कुणीतरी बोललं पाहिजे, नाहीतर एखादा वकील प्रेक्षक उठून जाईल.

दुसरं, गॅरेटसारखा स्वतःचा लायटर खुनाच्या जागी टाकून इथे भागत नाही. आपल्याकडे खटला उभा राहतो पंचनाम्यावर. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या माहितीवरून काही सापडलं तर तेवढा भाग चालतो. पुरावा कायद्याचं ते प्रसिद्ध 27 कलम, आता भारतीय साक्ष अधिनियमात 23 व्या कलमाखाली गेलंय. म्हणून दर दुसऱ्या खुनाच्या केसमध्ये आरोपी ‘चला, दाखवतो’ म्हणतो, पोलीस आणि दोन पंच त्याच्या मागे जातात आणि कडब्याच्या गंजीतून विळा निघतो. निवेदन पंचनामा, जप्ती पंचनामा, सीलबंद पाकीट, मुद्देमालाचा नंबर. मुद्देमालाच्या खोलीत असे विळे, कोयते, रक्ताचे डाग लागलेले पायजमे मी फडताळात रचलेले पाहिलेत.

आणि मग येतो पंच. तापीकाठच्या एका गावचा म्हातारा पिंजऱ्यात उभा होता. सरकारी वकिलांनी पंचनाम्यावरची सही दाखवली. तो म्हणाला, ‘साहेब, सही मनी शे, पन मी कागद वाचेल नही.’ कोर्टात हशा पिकला, पंच फितूर जाहीर झाला, आणि त्या केसची एक कडी तिथेच निखळली. तो खोटं बोलत होता की खरं, मला कधीच कळलं नाही. तुझा रिमेक इथून सुरू कर. तुझ्या नायकाने पेरलेला पुरावा कोर्टात टिकतो की नाही, हे त्याच्या हातात नसून एका पंचाच्या हातात आहे, आणि त्या पंचाला गावात राहायचंय.

आणखी एक. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवर चालतं. स्पेन्सरने काढले ते फोटो आता पोलीसच काढणार. गोष्ट उलटी फिरते बघ.

‘एक रुका हुआ फैसला’ हा अमेरिकी चित्रपटाचा रिमेक असूनही आम्हाला तो अस्सल वाटतो. मग रिमेकला नावं का ठेवता? आणि आपल्याकडे ज्युरी होती का हो?
– एक शिक्षक, धरणगाव

नावं एका रिमेकला ठेवली, जातीला नव्हे. बासू चटर्जींचा हा चित्रपट 1986 चा. मूळ सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, 1957. खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाबद्दल बारा ज्युरर एका खोलीत बसून वाद घालतात, एवढीच गोष्ट. पंकज कपूरचा तो चिडका ज्युरर पाहताना मला आमच्याच कोर्टातले दोघं-तिघं वकील आठवतात.

ज्युरी होती, गुरुजी. नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला ज्युरीपुढेच चालला. 1959 साली मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला, न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि नानावटींना जन्मठेप झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तोच शेवटचा ज्युरी खटला असं लोक सांगतात, ते खरं नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही, ती संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. पारशी विवाहाच्या दाव्यांत ज्युरीसारखे प्रतिनिधी मात्र आजही कायद्यात आहेत.

म्हणजे 1986 च्या भारतात ती खोली असूच शकत नव्हती. त्याहून गंमत अशी, की आपल्या जुन्या कायद्यात ज्युरीचं एकमत लागत नसे, बहुमत चाले. नानावटीतले आठ-एक आठवा. अकरा एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला म्हटल्यावर इथे कौल देऊन मंडळी घरी गेली असती, चित्रपट दहा मिनिटांत संपला असता. कायद्याच्या दृष्टीने सगळं चुकीचं! तरी तो टिकतो, कारण बासूदांनी शंकेला धक्का लावला नाही. मुलगा खुनी होता की नाही हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. हायम्सपेक्षा बासूदा मला मोठे वाटतात ते एवढ्यासाठी.

‘पिंक’चा तेलुगू ‘वकील साब’ पाहिला. वकिलाला हाणामाऱ्या कशाला?
– एक वाचिका, शहादा

ताई, हिरो पवन कल्याण आहे म्हणून. 2016 च्या ‘पिंक’मध्ये तीन मुलींचा खटला लढणारा अमिताभचा वकील थकलेला, आजारी. 2021 च्या तेलुगूत त्याला पूर्वायुष्य आणि मारामारी दोन्ही मिळाली. मध्ये 2019 चा अजितचा तमिळ रिमेकही आहे. तिथेही मारामारी आहेच. तीन मुलींचं म्हणणं ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला वकिलाचे दंड दाखवले की मुली मागच्या बाकावर जातात. उलटतपासणीत मुलीच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्याबद्दलही तुम्ही लिहिलंय. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्रीचं चारित्र्य वाईट आहे असं दाखवायची मुभा 2002 च्या दुरुस्तीनेच कायद्यातून काढली. प्रत्यक्षात आडून विचारायचे, साहेब कडक असले तर थांबायचे.

न्यायाधीशाच्या हातोड्याबद्दल सांगा. तुमच्या कोर्टात किती मोठा होता?
– दहावीतला एक वाचक, पारोळा

नव्हताच. आपल्या कोर्टात हातोडा नसतो. गोंगाट झाला की पट्टेवाला ओरडतो, आणि आमचा पट्टेवाला ओरडला की बाहेरच्या चहावाल्याचेही हात थांबायचे.

मल्याळम ‘दृश्यम’ थोर की हिंदी?
– एक वाचक, चाळीसगाव

जितू जोसेफ यांचा 2013 चा मल्याळम मला जास्त घरगुती वाटला. पण निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये तो गोव्यात नीट बसवला. रिमेक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, स्वतःच्याच ‘डोंबिवली फास्ट’चा तमिळ रिमेक त्यांनी स्वतः केला होता. आणि गंमत बघा, गॅरेट स्वतःला अडकवायला पुरावा पेरतो, हिंदी ‘दृश्यम’चा नायक विजय साळगावकर घरच्यांना सोडवायला. त्याचे साक्षीदार खोटं बोलतच नाहीत, बस कंडक्टरपासून सगळ्यांना मनापासून वाटतं की हे लोक खुनाच्या दिवशी, 2 ऑक्टोबरला, आपल्याला भेटले. असा साक्षीदार उलटतपासणीत फुटत नाही. तब्बूसारखी पोलीस आयजी असूनही हात टेकते ते त्यामुळे. खलनायक म्हणावा तर कुणाला म्हणायचं, सांगा.

मालेगावचे लोक ‘शोले’, ‘सुपरमॅन’ करतात, ते रिमेक की नक्कल?
– एक वाचक, धुळे

मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण आमच्या घरून जवळ, म्हणून उत्तर देतो. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ 2000 साली केला. यंत्रमागावर काम करणारी माणसं नट झाली. मी तरी त्यांना रिमेकच म्हणेन, कारण गोष्ट उचलली पण गल्ली, बोली, भूक आपली ठेवली. त्यांनी अजून कोर्टाचा चित्रपट केलेला माझ्या पाहण्यात नाही. करणार असतील तर पंचनामा कसा लिहितात ते शिकवायला मी फुकट येईन, एसटीचं भाडं तेवढं द्या.