राजकीय विचारांचे मूळ ग्रंथ वाचायला सुरुवात कोठून करावी?

प्लेटो, हॉब्ज, लॉक, रूसो यांचे मूळ ग्रंथ वाचायचे असल्यास सुरुवात कोणापासून करावी आणि सारांशावर भागणार नाही का, असे आपण विचारले आहे. सारांशावर भागत नाही, असे माझे मत आहे; त्याचे कारण ओघात येईलच.

मी स्वतः हॉब्जचा १६५१ चा 'लेव्हायथन' पहिल्या पानापासून वाचायला घेतला होता आणि संवेदना, कल्पनाशक्ती, भाषा यांवरच्या प्रकरणांतच अडकून, राज्याचा विषय निघण्यापूर्वीच तो मिटून ठेवला. (तेराव्या प्रकरणापासून आरंभ केला असता तर निभावले असते, हे पुष्कळ उशिरा कळले.) तेव्हा ग्रंथांची यादी हाती घेण्यापेक्षा एखादा प्रश्न हाती घ्यावा आणि त्याचा माग काढीत एका ग्रंथातून दुसऱ्यात जावे, असे मी सुचवीन. माझा प्रश्न साधा होता: ज्या कायद्याला मी कधी होकार दिला नाही, तो मी का पाळावा?

यासाठी प्लेटोचा 'क्रिटो' हा छोटा संवाद प्रथम वाचावा; तो एका बैठकीत संपतो. मृत्युदंड झालेल्या सॉक्रेटिसला तुरुंगातून पळवून नेण्यासाठी त्याचा मित्र क्रिटो पहाट होण्यापूर्वीच येतो, पण तो शांत झोपलेला पाहून त्याला न उठवता उशाशी बसून राहतो. पुढे सॉक्रेटिस अथेन्सच्या कायद्यांनाच बोलते करतो. ते म्हणतात की, तू आमच्या छायेत जन्मलास, वाढलास, सत्तर वर्षांत केव्हाही चंबूगबाळे आवरून जाण्याची तुला मोकळीक होती. तू राहिलास, म्हणजेच तू आम्हाला मान्यता दिलीस.

हाच युक्तिवाद लॉकने आपल्या 'शासनविषयक दोन निबंध' या ग्रंथातल्या दुसऱ्या निबंधात बराच ताणला. हा ग्रंथ १६८९ च्या अखेरीस निनावी निघाला. दुसऱ्या निबंधाच्या ११९ व्या परिच्छेदात लॉक म्हणतो की, राज्याच्या हद्दीत आठवडाभर मुक्काम करणारा, किंबहुना तेथील रस्त्यावरून नुसता जाणारा माणूसही मूक संमती देत असतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ च्या 'मूळ करार' या निबंधात यावर नेमके बोट ठेवले. ज्याला परकी भाषा येत नाही आणि जो रोजच्या तुटपुंज्या मजुरीवर जगतो, त्या गरीब शेतकऱ्याला देश सोडण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे म्हणजे, झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही, म्हणून त्याला कप्तानाची सत्ता मान्य आहे, असे म्हणण्यासारखे आहे.

रूसोच्या १७६२ च्या 'सामाजिक करार' या ग्रंथात, चौथ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात, राज्य स्थापन झाल्यावर तेथे राहणे हीच संमती, असे विधान आहे. सारांशात एवढेच सापडते. मूळ ग्रंथात मात्र त्याखाली एक तळटीप आहे: हे जेथील नागरिक स्वतंत्र आहेत अशा राज्यापुरतेच समजावे, कारण इतरत्र कुटुंब, मालमत्ता, आसऱ्याचा अभाव, गरज किंवा बळजबरी यांमुळे माणूस मनाविरुद्धही देशात अडकून पडतो. म्हणजे ठाम वाटणाऱ्या त्या विधानातली हवा लेखकाने स्वतःच काढून घेतली आहे, आणि सारांश करणाऱ्याच्या कात्रीला पहिली बळी पडते ती हीच टीप.

एवढे झाल्यावर 'क्रिटो' पुन्हा उघडावा. पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटलेले एक वाक्य तेथे आहे. कायदे सॉक्रेटिसला आठवण देतात की, खटला चालू असतानाच तू शिक्षा म्हणून हद्दपारी मागू शकला असतास आणि आज जे नगराच्या इच्छेविरुद्ध करू पाहतोस, ते तेव्हा त्याच्या अनुमतीने झाले असते. ह्यूमच्या प्रवाशापुढे फक्त समुद्र होता. सॉक्रेटिसपुढे बंदर होते, आणि तो उतरला नाही.