एकदा झालेलं तारण पुन्हा जाऊ शकतं का?

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. लहान वयात प्रभूला स्वीकारलं, बाप्तिस्मा घेतला, आणि मग गेली दोन वर्षं अशी गेली की ती कोणाला सांगवत नाहीत. प्रार्थना सुटली, मंडळीत जाणं सुटलं. आता परत यावंसं वाटतंय. पण कोणीतरी बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडून तुमच्यापुढे धरला आणि म्हणालं, तुझ्यासाठी आता दार बंद झालं. म्हणून तुम्ही विचारताय, माझं तारण गेलं का?

जो माणूस परत यायची वाट शोधत रात्री दोन वाजता अनोळखी लोकांना हे विचारतो, त्याचं तारण गेलं असं मी म्हणणार नाही. शास्त्र तसं म्हणत नाही असं माझं ठाम मत आहे. ते का, एवढं सांगतो.

मी पाळक नाही. नगर जिल्ह्यातला दस्तलेखक आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून सत्तावीस वर्षं झाली. साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत हेच माझं रोजचं जग, त्यामुळे शास्त्र वाचतानाही मला तेच शब्द आधी दिसतात.

तारण हाच शब्द घ्या. आपल्या भाषेत त्याचे दोन अर्थ आहेत. पतसंस्थेत दागिना ठेवून कर्ज काढतात, ते सोनेतारण. हप्ते थकले की नोटीस येते, नोटिशीला उत्तर दिलं नाही की लिलाव. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, तुम्ही देवाच्या तारणाकडे याच अर्थाने बघताय. दोन वर्षांचे हप्ते थकले, आता लिलाव. पण शास्त्रातलं तारण हे नव्हे. ते ‘तारणे’ या क्रियापदातून आलेलं आहे, आणि तरणं वेगळं, तारणं वेगळं. तरणारा स्वतःच्या हातापायांवर पाण्याबाहेर येतो. तारलेल्याला दुसऱ्याने बाहेर काढलेलं असतं. तुम्ही तरला नव्हतात, तुम्हाला तारलं होतं. मग आता हातपाय थकले म्हणून हिशोब कसा बदलेल?

इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे, म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम. हा शब्द मराठी शास्त्रात वाचतो तेव्हा मला दर वेळी थांबावं लागतं. मूळ ग्रीक शब्द अर्राबोन. तो व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेकडच्या भाषांतून ग्रीकमध्ये आला. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदा आपली मुद्रा, गोफ आणि काठी तामारेकडे गहाण ठेवतो, तिथे हिब्रूत हाच शब्द आहे. आजच्या ग्रीकमध्ये साखरपुड्याला याच शब्दाचं रूप वापरतात.

आता विसारपावतीत काय असतं ते बघा. विसार देतो कोण? जमीन विकत घेणारा. जमीनमालक नव्हे. आणि घेणारा मागे फिरला तर आमच्याकडे म्हणतात, त्याचा विसार बुडाला. माझ्यासमोर एकदा एक जण एक लाखाचा विसार सोडून उठून गेला होता. विकणारे आजोबा पावती हातात धरून बराच वेळ तसेच बसले होते. असे व्यवहार मोडतात, मी पाहिलेत. पण इफिसमधल्या पावतीवर घेणारा देव आहे. मोलाने विकत घेतलेले असं पौल आपल्याला म्हणतो. आणि विसार म्हणून त्याने ठेवलाय स्वतःचा आत्मा. देवाने हा व्यवहार मोडायचा म्हणजे स्वतःचा आत्मा बुडवायचा. ते होणे नाही.

विसार झाला म्हणजे खरेदीखत झालं असं मात्र नाही, हेही खरं. ताबा मिळायचा आहे. म्हणून पौल तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो: झालं आहे, होत आहे, होणार आहे. या मधल्या काळात शेतात तण असतं, बांधावरून भांडणं असतात. तुमची ही दोन वर्षं त्या मधल्या काळातली आहेत.

तुम्हाला दाखवलेल्या इब्री सहाकडे येतो. चार ते सहा ही वचनं भयंकर आहेत, त्यांना मी गुळगुळीत करणार नाही. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि तरी जे पतन पावले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे लिहिलंय. पण ज्यांनी तुम्हाला ते दाखवलं त्यांनी पान तिथेच मिटलं. नवव्या वचनात लेखक लगेच म्हणतो, प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगली आहे. आणि अध्याय संपतो तो नांगरावर, शेतातल्या नव्हे, जहाजाच्या. देवाला आपला संकल्प किती अढळ आहे हे दाखवायचं होतं, म्हणून त्याने वचनावर शपथही वाहिली, आणि ती आशा जिवाचा नांगर आहे. भीतीची वचनं आणि नांगर एकाच अध्यायात आहेत, वीस वचनांच्या आत. आणखी एक गोष्ट नीट बघा. अशक्य म्हटलंय ते पश्चात्तापाकडे आणणं. तुम्ही तर पश्चात्तापातच उभे आहात. ती वचनं ज्याच्याविषयी आहेत त्या माणसाची तुमच्यासारखी झोप उडत नाही.

ती शपथ अब्राहामाला दिलेली, म्हणून उत्पत्ती पंधरा वाचा. त्या काळी करार करताना जनावरं दुभागून समोरासमोर मांडत आणि करार करणारे त्यामधून चालत. मोडीन तर माझीही अशीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मया चौतीसमध्ये हीच रीत दिसते. अब्राहामाने सगळं मांडलं, दिवसभर गिधाडं हाकलली, आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली. मग अंधारात धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. एकटा देव गेला. अब्राहाम झोपलेलाच. माझ्या धंद्यात दोन्ही बाजूंच्या सह्या आणि अंगठे झाल्याशिवाय मी टेबलावरून कागद हलू देत नाही. इथे मात्र एकाच बाजूची सही आहे, आणि चारशे वर्षांच्या गुलामगिरीनंतरही तो करार उभा राहिला.

लोक रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय पाठ करतात. ज्यांना त्याने आधी नेमलं त्यांना बोलावलं, बोलावलं त्यांना नीतिमान ठरवलं, नीतिमान ठरवलं त्यांचा गौरव केला, आणि कोणतीही सृष्ट वस्तू देवाच्या प्रीतीपासून आपल्याला विभक्त करू शकणार नाही. फार सुंदर. पण पुढचे तीन अध्याय अवघड म्हणून सोडून देतात, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथे आहे. इस्राएललाही देवाने निवडलं होतं, वचनं दिली होती, आणि पौलाच्या डोळ्यांसमोर त्याच्याच लोकांतले बहुतेक जण ख्रिस्ताला नाकारत होते. मग देवाचं वचन फोल झालं का? त्यांना टाकलं असेल तर आठव्या अध्यायावर आपण तरी का विसंबावं? स्वतःचा शाप मागावा इतकं दुःख घेऊन पौल हे लिहितो. तीन अध्याय झगडतो, आणि अकराव्याच्या एकोणतिसाव्या वचनात येऊन पोचतो: देवाला आपल्या कृपादानांचा आणि पाचारणाचा अनुताप होत नाही. म्हणजे हे वाक्य सुखात बसून लिहिलेलं नाही. घरचीच माणसं दूर गेलेली असताना लिहिलंय.

मग शास्त्रात इतके इशारे कशाला, असं तुम्ही विचाराल. याचं मला पटलेलं उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. तारू वादळात सापडलंय. आत दोनशे शहात्तर माणसं. देवदूताने पौलाला सांगितलंय की एकाचाही जीव जाणार नाही. वचन पक्कं. तरी खलाशी होडी सोडून पळायला लागतात तेव्हा पौल शताधिपतीला म्हणतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई ताबडतोब होडीचे दोर कापतात, आणि दोनशे शहात्तर जण किनाऱ्याला लागतात. तो इशारा खरा होता, आणि वचन पुरं झालं ते त्या इशाऱ्यातूनच. इब्री सहा वाचून तुम्ही घाबरलात आणि घराकडे वळलात. मला यात देवाचंच काम दिसतं.

सगळे ख्रिस्ती माझ्याशी सहमत नाहीत, हे तुमच्यापासून लपवत नाही. रोमन कॅथॉलिक मंडळीने ट्रेंटच्या सभेत 1547 साली म्हटलं की विशेष प्रकटीकरण नसेल तर शेवटपर्यंत टिकण्याची पूर्ण खात्री कोणी बाळगू नये. हॉलंडमध्ये 1610 साली धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी हा मुद्दा शास्त्रातून अजून तपासायचा म्हणून मोकळा ठेवला, आणि 1618-19 च्या डॉर्टच्या सभेने त्यांना उत्तर दिलं की देव आपल्यांना शेवटपर्यंत राखतो. इंग्लंडचे जॉन वेस्ली आणि त्यांचे मेथडिस्ट आर्मिनियसच्या बाजूचे, म्हणजे तारण गमावता येतं असं मानणारे. आपल्याकडे तर 1970 साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट असे सगळे एका छपराखाली आले. त्यामुळे आमच्या एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसं बसतात आणि एकाच प्याल्यातून घेतात. पण दोन्हीकडच्या जाणत्या पाळकाला विचारा, परत येऊ का? दोघंही म्हणतील, ये.

आणि तारण पक्कं आहे म्हणजे वाटेल तसं वागा, असं डॉर्टनेही म्हटलं नाही. दावीद आणि पेत्र किती खोल पडले हे त्यांनी नावं घेऊन लिहिलंय. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. फक्त एवढं लक्षात ठेवा, कोंबडा आरवायच्या आधीच, त्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी, प्रभू त्याला म्हणाला होता, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. नाकारणं नंतर झालं, विनंती आधी झाली होती.

तुम्ही लिहिलंय की आत काहीच जाणवत नाही. यावर एका माणसाबद्दल सांगतो. विल्यम कूपर हे इंग्लंडमधले अठराव्या शतकातले कवी. ओल्नी गावात जॉन न्यूटन पाळक होते आणि कूपर त्यांचे शेजारी. आजही गायली जाणारी गीतं त्यांनी लिहिली. 1773 च्या सुरुवातीला त्यांचं मन कोसळलं, आणि देवाने आपल्याला टाकलं अशी त्यांची खात्री झाली. देव आपल्यांना सोडत नाही हे ते मानत होते, पण आपण तेवढे अपवाद आहोत असं त्यांना वाटे. 1800 साली मरेपर्यंत ते ओझं पुरतं उतरलं नाही. न्यूटननी त्यांना कधी हरवलेला मानलं नाही. मीही मानत नाही. आजार खात्री हिरावून घेऊ शकतो. तारण हिरावून घेण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. म्हणून भावासारखं सांगतो, झोप उडालीय, खाणं सुटलंय, जगावंसं वाटत नाही असं काही असेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. त्यात अविश्वास नाही.

आता माझं घरचं. आईला शेवटची तीन वर्षं स्मृतिभ्रंश होता. जिने मला मांडीवर बसवून स्तोत्रं शिकवली, तिला प्रभूची प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’च्या पुढे जाईना. मग तेवढंही गेलं. मला विचारायची, तू कोणाचा रे? एकदा भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट करून म्हणाली, हे काय लटकवलंय? त्या रात्री मी ओसरीवर बसून रडलो. विश्वासाने तारण होतं म्हणतात, आणि हिच्या मनात तर येशूचं नावही उरलं नाही.

पुढच्या महिन्यात पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले. तिला कळेल का, असं मी त्यांना दारातच विचारलं. त्यांनी उत्तर न देता यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय काढला आणि तिच्या कानाशी वाचला. आई आपल्या तान्ह्याला विसरेल काय? ती विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. पाहा, मी तुला माझ्या तळहातांवर कोरलं आहे. आई त्यांच्या शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. मग त्यांनी भाकरीचा तुकडा द्राक्षरसात बुडवून तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं. पाळकांनी तो तुकडा तिच्या जिभेवर ठेवला आणि ती गिळेपर्यंत तिच्या हनुवटीखाली हात धरून थांबले.

आज रात्री इब्री सहा पुन्हा उघडा, आणि नवव्या वचनापासून विसाव्यापर्यंत मोठ्याने वाचा. रविवारी मंडळीत जा. ज्यांनी दार बंद म्हटलं त्यांच्याकडे जायला मन धजत नसेल तर दुसऱ्या पाळकांना आधी फोन करा आणि जे घडलं ते सगळं सांगा, राखून ठेवू नका. कोणी सोबत हवं असेल तर मला इथेच निरोप टाका.