फेरिझायपासून सुरुवात कर

प्रिय,

तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच पानावर 'लक्झेंबर्गने कोसोवोला उदार हस्ते मदत केली' असं वाक्य आहे. ते खोड. औदार्याचा निकाल इतक्या लवकर लावू नये.

लक्झेंबर्गची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरलं. बहुतेकांनी ते कागदावरच ठेवलं. हा चिमुकला देश जवळपास १ टक्का देतो. कोसोवोने १७ फेब्रुवारी २००८ला सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तिसऱ्याच दिवशी लक्झेंबर्गने मान्यता दिली. स्पेन, ग्रीस यांनी अजून दिलेली नाही. भारतानेही नाही, हेही एका ओळीत येऊ दे. एवढी पार्श्वभूमी पुरे.

आता फेरिझाय, कोसोवोतलं शहर. तुझ्या मसुद्यात ते तळटिपेत पडलंय! लक्झेंबर्गच्या मदतीतून तिथे आरोग्यसेवेतल्या व्यवसायांचं प्रशिक्षण देणारं केंद्र उभं राहिलं. प्रिझरेन या तिथल्याच दुसऱ्या शहरात तसंच एक व्यापारविषयक. (फेरिझायला सर्बियन भाषेत उरोशेवत्स म्हणतात. दोन्ही नावांनी शोध घे, नाहीतर निम्मी कागदपत्रं हुकतील.) इमारत बांधणं, यंत्रं आणणं, शिक्षक तयार करणं हे पैशाने होतं. पण तिथून शिकून बाहेर पडलेली नर्स पाच वर्षांनी कुठे असते? जर्मनी म्हातारा होतोय, त्याला नर्स हव्यात, आणि तिथला पगार कोसोवोच्या कितीतरी पट. मग लक्झेंबर्गचा पैसा शेवटी जर्मन इस्पितळांच्या कामी आला, असं म्हणायचं का? मला ते पूर्ण पटत नाही. ती नर्स घरी पैसे पाठवते, आणि जर्मनी-स्वित्झर्लंडहून येणाऱ्या अशा पैशांवर कोसोवोतली असंख्य घरं उभी आहेत. एकेकाळी कोकण मनीऑर्डरवर चालायचं, तसंच. पण मनीऑर्डर आली म्हणून गावच्या दवाखान्यातली रिकामी खुर्ची भरत नाही. हे दोन्ही लिही, आणि त्यातलं जड काय ते तुझं तू ठरव.

इथेच दुसरा धागा आहे. आरोग्य विम्याचा कायदा कोसोवोत २०१४ साली झाला, अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षं रेंगाळली. विम्याचा पैसा नसेल, तर मदत देणारा देश निघून गेल्यावर नर्सचा पगार कुठून यायचा, हा प्रश्न त्या रेंगाळण्यात दडलाय.

जाता जाता एक गंमत. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं छोटंसं गाव. युरोपीय देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हटवण्यासाठी केलेला १९८५चा करार तिथलाच. पश्चिम बाल्कनमध्ये व्हिसाशिवाय शेंगेन क्षेत्रात जायची मुभा सर्वांत शेवटी मिळाली ती कोसोवोला, १ जानेवारी २०२४ रोजी. तीही भेटीपुरती, नोकरीसाठी नाही.

पुढचा मसुदा आला की पहिलं पान ओलांडून थेट फेरिझायवर जाणार आहे.

तुझा,
सर