स्पोर्ट्स कारची उंची : किती वाढवावी, कशी वाढवावी

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची, जुनी विकत घेतलेली बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे. तिला पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ मापाचे टायर आहेत. फैजपूर, यावलकडे जाताना गावोगावच्या गतिरोधकांवर तिचे पोट घासते. एका दुकानदाराने स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवून घेण्याचा सल्ला दिला आहे. मात्र महिन्यातून एकदा मी अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जातो, आणि घाटातील वळणांवर गाडीची जी पकड आहे ती मला गमवायची नाही. काय करावे? – एक वाचक, सावदा (जि. जळगाव)

उत्तर : बफर बसवू नका, हे आधी सांगतो. पण कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी एक मोजपट्टी घ्या. गाडी सपाट फरशीवर उभी करून, टायरमधील हवा बरोबर ठेवून, प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि चारही आकडे लिहून कंपनीच्या मूळ मापाशी ताडून पाहा. इतक्या वर्षांच्या गाडीत स्प्रिंग दबून बसलेल्या असतात, त्यांच्या वरच्या बैठकीचे (माउंटचे) रबर चेपलेले असते, आणि आधीच्या मालकाने दिखाव्यासाठी आखूड स्प्रिंग घातल्या असण्याचीही शक्यता असते. तसे आढळले, तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग आणि नवे शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे) एवढ्यानेच हरवलेली उंची आणि हरवलेली पकड दोन्ही परत मिळतात. शॉकअप थकले असतील तर गाडी ब्रेकवर नाक खाली घालते आणि गतिरोधकावरून उतरताना जास्त दबते. उभ्या गाडीची उंची ठीक असूनही ती घासते, त्याचे हेच कारण असते.

उंची वाढवल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि म्हणून गाडी बिघडते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला आणि गाडी २० मिमी उचलली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार चारच टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढा फरक पुष्कळांना जाणवणारही नाही. खरी पकड जाते ती लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) यांचे कोन बदलल्याने. हे दोन भाग एकमेकांशी जुळलेल्या कमानीत वरखाली व्हावेत अशी त्यांची मूळ रचना असते. गाडी उचलली की दोन्ही बाहेरच्या बाजूला खाली कलतात, पण सारखेच कलतील असे नाही, आणि मग चाक खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग न फिरवताही थोडे वळते. पुढे ३० मिमीचे स्पेसर (उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगशी घालायच्या चकत्या) घातलेली एक गाडी मी स्वतः चालवून पाहिली होती. अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन तपासण्याच्या) कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत होते. परंतु तापीच्या पुलावरील प्रत्येक सांध्यावर स्टिअरिंग हातात अंगठ्याएवढे सरकत होते. कागद खोटा नव्हता, तो फक्त उभ्या गाडीचा होता.

आता बफरविषयी. हे बफर वेढ्यांच्या मध्ये बसतात आणि तो वेढा जवळजवळ निकामी करतात. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि त्यांतील एक अडला, तर स्प्रिंग सुमारे २० टक्क्यांनी कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो आणि वाढलेली उसळी त्याला आवरत नाही. घाटातल्या खडबडीत वळणावर चाक रस्ता सोडून उडते ते यामुळे. शिवाय चारही बफर सारखे बसत नाहीत, त्यामुळे गाडी एका कोपऱ्याला उंच राहते.

सर्वांत निर्धोक वाढ टायरमधून मिळते, कारण तिच्यात आर्मचा एकही कोन बदलत नाही. पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० असे टायर घेतले (तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे टायरच्या कडेची उंची, रुंदीच्या टक्क्यांत), तर गाडी पुढे ११ मिमी आणि मागे जवळपास १३ मिमी वर येते आणि जाड कडेमुळे रिमही वाचते. घेर साडेतीन ते चार टक्क्यांनी वाढत असल्याने स्पीडोमीटर त्याच वेगाला आधीपेक्षा तेवढा कमी आकडा दाखवेल, हे लक्षात ठेवावे. मात्र टायर घेण्याआधी पुढच्या टायरचा माथा आणि स्प्रिंगची खालची वाटी यांच्यातील फट बोटाने तपासा, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतले अस्तर पाहा. तिथे जागा नसेल तर हा मार्ग बंद आहे असे समजावे.

त्यानंतरही वाढ हवीच असेल, तर चारही चाकांना सारखी, १५ मिमीपर्यंतच घ्या. फक्त पुढची बाजू उचलू नका. नाक वर गेले की वेगात पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि गाडी वळणात बाहेर ओढते. स्पेसर स्प्रिंगच्या वाटीत घातला, तर चाक खाली झेपावण्याची शॉकअपची चाल तेवढी कमी होते आणि खड्ड्यात वरून ‘टक’ असा आवाज येतो. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र खांबाच्या) माथ्यावर घातला, तर चाल टिकते, पण चाक लोंबकळताना बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातील गोलाकार सांधा) आणि ब्रेकची नळी जास्त ताणली जाते. १५ मिमीमध्ये दोन्ही सहसा निभावते. मागे स्प्रिंग चाकापासून आत, आर्मवर बसलेली असेल, तर १० मिमीचा स्पेसर चाकापाशी त्याहून अधिक उंची देतो. तिथे स्पेसरच्या मापावर न जाता चाकापाशी उंची मोजून काम करावे.

काम चालू असताना एका गोष्टीसाठी स्वतः उभे राहा. आर्मचे रबरी बुश (सांध्यातील रबरी नळी) असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळले जातात, आणि मग गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले राहून काही महिन्यांत फाटते. ते बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायला हवेत. पुढे अलाइनमेंट, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत खाली आणणे, एवढे आवश्यकच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही, म्हणून परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारून घ्यावे.

आपल्या भागाविषयीही थोडे सांगायला हवे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आहे. दोन्ही चाके त्या गोलाईवर असताना पोटाखालची जागा फक्त ४६ मिमी कमी होते, म्हणजे असा गतिरोधक आपल्या गाडीला घासणार नाही. गावकऱ्यांनी मुरूम-डांबर टाकून केलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र चाकांच्या मध्ये येतो आणि आपली सगळी उंची खातो. त्यात रावेर-सावद्याहून निघणारे केळीचे भरलेले ट्रक मे महिन्यात तापलेल्या डांबरात चाकोऱ्या पाडतात, आणि खालची काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळल्याने रस्त्याला लाटा येतात. त्या चाकोऱ्यांमधला उंचवटा १५ मिमीने टळतो. हातभर रुंदीचा गतिरोधक टळेलच असे मी सांगणार नाही.

प्रश्न : बटण दाबून फक्त पुढची बाजू उचलणारी यंत्रणा बाहेरून बसवता येते असे कळले. ती यापेक्षा बरी का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तत्त्वतः बरी, कारण कन्नडच्या घाटात गाडी तिच्या मूळ उंचीवरच चालते. पोर्शे ९११ला अशी यंत्रणा कारखान्यातूनच घेता येते आणि ती कमी वेगात नाक सुमारे ४० मिमी उचलते. बाहेरून बसवताना स्ट्रटवर हवेची वाटी येते आणि तिच्या जागेसाठी स्प्रिंग आखूड घ्यावी लागते, म्हणून त्या गाडीसाठीच बनवलेला संच नसेल तर नको. शिवाय नाक ४० मिमी उचलले तरी दोन चाकांच्या मध्यावर जेमतेम २० मिमीच मिळतात. म्हणून आधी गाडी रॅम्पवर घेऊन ओरखडे पाहा. ते पुढच्या बंपरखाली असतील तर यंत्रणा उपयोगी पडेल. सायलेन्सरच्या नळीवर, गाडीच्या मध्यावर असतील तर तिच्यावर खर्च करू नका.