कवटी न उघडता फोटोअकूस्टिक पद्धतीने मेंदूची प्रतिमा घेताना नको असलेले सिग्नल कोणत्या फिल्टरने घालवायचे?

फिल्टरचं नंतर बघू. या पद्धतीत लेझरचा प्रकाश जिथे शोषला जातो तिथून आवाज उठतो, म्हणून आधी प्रकाश कुठे पडतोय ते बघा.

आमच्या प्रयोगशाळेत एक सीनिअर होते. त्यांच्याकडे सगळ्यावर एकच औषध: अ‍ॅव्हरेजिंग. उंदराच्या डोक्यावर आवाज टिपणारा प्रोब, दोन्ही बाजूंनी फायबरमधून लेझर, आणि पडद्यावर आठेक मिलिमीटर खोल एक झगझगीत आडवी रेघ. ‘मेंदूच्या तळाची रक्तवाहिनी,’ सीनिअर म्हणाले. फ्रेम वाढवल्या की रेघ आणखी उठून दिसायची, म्हणजे खरीच! अहो, शंभर फ्रेमच्या सरासरीने इकडचातिकडचा नॉइज दहापट घटतो. पण जो सिग्नल प्रत्येक पल्सनंतर नेमक्या त्याच वेळी येतो, तो कशाला घटेल? मी म्हटलं, फायबर दोन मिलिमीटर बाहेर सरकवू. अलाइनमेंट बिघडेल म्हणून नकार. स्वारी परिषदेला गेली तेव्हा सरकवलेच. रेघ दोन मिलिमीटर खाली गेली. रक्तवाहिन्या अशा फिरायला जात नाहीत.

ती कातडी होती. प्रोबपासून आठ मिलिमीटरवर प्रकाश पडला, तिथला आवाज आडवा आला आणि सॉफ्टवेअरने तो सरळ खालून आला असं धरलं. कोहेरन्स फॅक्टर, म्हणजे प्रोबच्या सगळ्या एलिमेंटवर (आवाज टिपणाऱ्या तुकड्यांवर) न जुळणारी लहर दाबणारं गणित, त्यानेही ती हटली नव्हती, कारण सगळ्या एलिमेंटवर लहर जवळजवळ एकदमच पोचत होती. ग्रुप मीटिंगमध्ये हे दाखवल्यावर मी ‘शंकेखोर’ ठरलो. असू दे.

तर केस नीट काढा, आणि इमेजिंगच्या पट्टीबाहेरच्या कातडीवर प्रकाश जमेल तितका कमी पडू द्या. लेझर चालू ठेवून फक्त बीम अडवा आणि एक रेकॉर्डिंग घ्या. त्यात उरतो तो क्यू-स्विचचा (लेझरची पल्स सोडणाऱ्या स्विचचा) इलेक्ट्रिकल नॉइज, तेवढा वजा करा. कवटी एक मिलिमीटरवर असेल तर तिच्यावरून परतलेला कातडीचा आवाज दोनवर दिसतो, तिथल्या रेघेवर विश्वास ठेवू नका. डीप लर्निंगचं म्हणाल, तर रेघेलाच रक्तवाहिनी म्हणून शिकवलेलं नेटवर्क ती रेघ जिवापाड जपेल.

हे सगळं उंदरापुरतं, हे सांगायचं राहिलं. प्रौढ माणसाची जाड कवटी वरच्या फ्रिक्वेन्सी गिळते आणि उरलेली लहर वेडीवाकडी करते; 2021 मध्ये माणसांवर जे फंक्शनल इमेजिंग छापून आलं, ते कवटीचा भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांवर होतं. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, तिथून वाट सोपी. आणि प्रकाशाची पट्टी अरुंद केली की फ्लुएन्स, म्हणजे तेवढ्याच जागेवर पडणारी ऊर्जा, वाढतो: 532 नॅनोमीटरला कातडीसाठीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला 20 मिलिज्यूल आहे, माणसावर मीटरने मोजल्याशिवाय लेझर सोडू नका.