थकबाकीच्या भरवशावर पर्सनल लोन काढू का?

प्रश्न: मी भांडुपला राहतो. 2021 मध्ये तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, शेवटचं वेतन 40,000. मेडिकल बोर्डाने कानाचं अपंगत्व 20 टक्के धरलं, पण सेवेमुळे नाही म्हणत अपंगत्व पेन्शन नाकारली. अपिलाला आठ महिने झाले, उत्तर नाही. मुलीच्या बीएस्सी नर्सिंगसाठी 4 लाखांचं पर्सनल लोन घेऊन थकबाकी आली की फेडावं का? 5 लाखांची एफडी आहे.

उत्तर: हवालदारसाहेब, हे कर्ज घेऊ नका. तोफांनी कान गेला आणि तो सेवेमुळे गेला नाही असं ऐकावं लागलं, हे वाचून राग आला. पण हप्ता रागाने फिटत नाही. 12 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे 8,900 होतो आणि तो पुढच्याच महिन्यापासून सुरू.

आता येणं किती ते पाहू. पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या 30 टक्के मिळतात. तुमचं 20 टक्के अपंगत्व वाढवून 50 टक्के धरलं गेलं, तर तुमचे महिना 6,000 होतात. 20 टक्केच धरलं तर 2,400. उशिरा दाद मागणाऱ्याची थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात ठरवलं. तुम्हालाही तेच लागेल असं धरा. म्हणजे महिना 6,000 ने 2,16,000, वर महागाईची वाढ. जिंकलात तरी 4 लाख होतीलच असं नाही.

मला खरी काळजी त्या आठ महिन्यांची आहे. अपिलावर सहा महिने निर्णय आला नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात थेट जाता येतं, आणि त्यासाठी पुढचे सहाच महिने असतात. त्यातले दोन गेले. मुंबईत खंडपीठ आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण ती वेळ आणू नका. अपिलाची पोच आणि बोर्डाचे कागद घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.

फीसाठी शैक्षणिक कर्ज घ्या. 4 लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. मुलगी पहिल्या वर्षाला आहे, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्जही भरा. माजी सैनिकांच्या मुलींना महिना 3,000 मिळतात. बारावीला 60 टक्के हवेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. तरीही काही कमी पडलं, तर एफडी मोडू नका, तिच्यावर तेवढंच कर्ज उचला.