घाण्याच्या तेलासाठी मुलीची एसआयपी बंद करावी का?

प्रश्न: नाशिकला आमचं चौघांचं कुटुंब आहे. यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हापासून सासूबाईंचा धोशा आहे की रिफाइंड बंद करून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणा. महिन्याला ५ लिटर तेल लागतं. सध्याचं सोयाबीन तेल १५० रुपये लिटर पडतं, घाण्याचं ३४०. हा जादा खर्च भागवायला मुलीच्या शिक्षणाची १,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) थांबवावी असं वाटतं. योग्य होईल का?

उत्तर: ताई, एसआयपी थांबवू नका. घाण्याचं तेल आणा, पण आधी घरातलं तेल कमी करा.

तुमचेच आकडे घेऊ. तेलाचा लिटर ९१० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ५ लिटर झाले साधारण साडेचार किलो. चौघांत वाटले तर माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहाराला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. त्या हिशेबाने तुमचं घर महिन्याला साडेतीन लिटरमध्ये बसायला हवं, आणि तुमच्या ५ लिटरांत अजून वरणभातावरचं तूप धरलेलंच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पैसे त्यावरच जायचे आहेत. घाण्याचं असो वा रिफाइंड, एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतातच. शेंगदाणा तेलातली स्निग्धाम्लंही (फॅटी अ‍ॅसिड) दोन्हीकडे जवळपास सारखीच असतात. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, ई जीवनसत्त्वासारखे घटक त्यात जास्त टिकतात. हे खरं आहे आणि त्यासाठी ते आणायला हरकत नाही. पण नुसतं तेल बदलून कोलेस्टेरॉल उतरेल या भरवशावर राहू नका. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं, पथ्य चालूच ठेवा. पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’लाही भुलू नका. कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच.

आता खर्च. आज तुमचे ७५० रुपये जातात. पाचही लिटर घाण्याचं घेतलंत तर १,७००. साडेतीन लिटरवर आलात, तर तेच १,१९०. त्यातही २ लिटर घाण्याचं शेंगदाणा आणि दीड लिटर आत्ताचंच सोयाबीन ठेवलंत, तर ९०५. जादा खर्च फक्त १५५ रुपये! माझं मत या शेवटच्या पर्यायाला. एकाच तेलावर न राहता आलटून पालटून तेलं वापरा, असं पोषणतज्ज्ञही सांगतात. सोयाबीनमधून ओमेगा-३ हे स्निग्धाम्ल मिळतं, ते शेंगदाणा तेलात जवळजवळ नसतं. सासूबाईंना भाजीच्या फोडणीत दाण्याच्या तेलाचा वास मिळाला की त्यांचीही तक्रार राहू नये.

घाण्यावर जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. त्या दिवसाचा दाण्यांचा बाजारभाव अडीचने गुणा, पेंडीचे थोडे पैसे वजा करा. कुणी याच्याही खाली ‘शुद्ध’ तेल देत असेल तर तिथून घेऊ नका. दाणे स्वतःचे नेत असाल तर बुरशीचे, काळपट पडलेले निवडून काढा. बुरशीचं विष रिफायनिंगमध्ये निघून जातं, घाण्यात तेलाबरोबर उतरू शकतं. आणि महिन्यापुरतंच आणा, वर्षाचा डबा भरून ठेवू नका. पिशवीचं तेल घेताना वजन वाचा: लिटरसारख्या दिसणाऱ्या पिशवीत ८५० ग्रॅमच असू शकतं.

हे भाव आजचे आहेत. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या (रिफाइंड न केलेल्या) खाद्यतेलांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्के झालं, मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आलं. अशा प्रत्येक फेऱ्यात पिशवीचा भाव हलतो. म्हणून तेलासाठी महिन्याला १,००० रुपये वेगळे धरा. स्वस्त महिन्यात उरतील ते महाग महिन्याला कामी येतील.

एसआयपीबद्दल इतकंच: १,००० रुपये दरमहा, १० वर्षं, १० टक्के परतावा धरला तर २ लाखांच्या आसपास होतात. परताव्याची हमी नाही, पण १५५ रुपयांसाठी हा हप्ता मोडण्याचं काहीच कारण नाही.

दिवाळीच्या फराळाचं तेल या हिशेबात धरू नका, त्याची तरतूद बोनसमधून करा. चकल्या तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून संपवायचं मात्र टाळा. कढईत बेताचंच ओता.